देहदानानंतर बॉडीचं पुढे काय होतं?

तुम्ही विचारलंय की बाबांनी देहदानाचा फॉर्म भरलाय, पण कॉलेजात नेल्यावर बॉडीचं नक्की काय करतात आणि नंतर अस्थी तरी मिळतात का. मी गोव्यात बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, एमबीबीएस केलंय, त्यामुळे टेबलाजवळ उभं राहून जे बघितलं तेच सांगते.

बॉडी अ‍ॅनाटॉमी, म्हणजे शरीररचना शिकवणाऱ्या, डिपार्टमेंटला जाते. तिथे मांडीच्या नाहीतर मानेच्या धमनीतून फॉर्मालिनचं मिश्रण आत सोडतात, ते रक्तवाहिन्यांतून सगळीकडे पोचतं, मग बॉडी कुजत नाही पण कडक होते, रंग मातकट होतो. हे लवकर व्हावं लागतं म्हणून साधारण ६-८ तासांत आणायला सांगतात, काणकोण-सत्तरीसारख्या लांबच्या तालुक्यांतल्या लोकांनी तर गाडीची सोय आधीच बघून ठेवावी. डोळे आधी दान करता येतात, तेवढ्याने देहदान अडत नाही. मात्र पोस्टमॉर्टेम झालं असेल किंवा एचआयव्ही, कावीळ बी असं काही असेल तर सहसा घेत नाहीत.

मग फर्स्ट इयरची पोरं येतात. आमच्या टेबलावर एक म्हातारी बाई होती, नाव-गाव आम्हाला कधीच सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सगळे हात जोडून उभे राहिलो, फॉर्मालिनने डोळ्यांतून पाणी येत होतं, काहींचं नुसतं फॉर्मालिनमुळे नव्हतं. पुढे हाताचं डिसेक्शन, म्हणजे चिरून आतलं बघणं, आलं तेव्हा तिच्या अंगठ्यावर विळीने कापल्याच्या बारीक बारीक रेषा दिसल्या, अगदी माझ्या आजीच्या होत्या तशा. अंगठा हलवणारी नस, म्हणजे नर्व्ह, मी पहिल्यांदा त्याच हातात शोधली, पुस्तकातल्या चित्रात ती इतकी सरळ असते की काही कळतच नाही. आज पेशंटचा हात तपासताना मला तोच हात आठवतो.

वर्ष-दोन वर्षांनी जे उरतं त्याचे अंत्यसंस्कार कॉलेज करतं, हाडं बऱ्याचदा शिकवायला ठेवतात. म्हणून अस्थी मिळतील असं धरून चालू नका, पण फॉर्म देताना विचारून घ्या. निरोप घरीच नीट द्या, हार घाला, आरती म्हणा, कोणी अडवत नाही. नातेवाईक धर्माचं काढतील तर त्यांना सांगा, संघाच्या नानाजी देशमुखांचा देहसुद्धा २०१० साली दिल्लीच्या एम्सला दिला होता.

आणि महत्त्वाचं, नुसता फॉर्म भरून काही होत नाही, त्या वेळी फोन घरच्यांनीच करायचा असतो. एकाने जरी रडारड करून अडवलं तर बाबांची इच्छा तशीच राहते, त्यामुळे भावंडांना आत्ताच बसवून बोला, बाबांच्या समोर.