आधी चिडचिडीची यादी करा, मग देश निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिल्यांदाच एकट्याने परदेशी जायचंय, हातात बारा दिवस आहेत, गाडी चालवता येत नाही, पायी हिंडायला आवडतं आणि संग्रहालयात तासाभरात डोकं दुखायला लागतं. ‘तुम्ही कोणत्या प्रकारचे प्रवासी?’ छापाच्या चार चाचण्या देऊन पाहिल्या, चौघींनी चार देश सुचवले. आता नेमकं कुठे जावं?

त्या चाचण्या तुम्हाला काय आवडतं ते विचारतात. समुद्र की डोंगर, शहर की खेडं. घरी आरामात बसून याची उत्तरं देणारा माणूस वेगळा, आणि प्रवासाच्या सहाव्या दिवशी दुपारी चार वाजता, पाय भरून आलेले असताना पुढची गाडी कुठून सुटते ते शोधणारा वेगळा. देश त्या दुसऱ्यासाठी निवडायचा असतो. म्हणून मी आवडीनिवडी बाजूला ठेवते आणि मागच्या दोन-तीन प्रवासांत आपलं डोकं कशाकशाने फिरलं ते लिहून काढते. प्रवास लांबचाच हवा असं नाही, दोन दिवसांच्या सहलीतही ते कळतं.

मला हे कळलं ते जॉर्जियात. मी आणि ताई गेलो होतो. तिबिलिसीहून स्टेपान्त्समिंडाला, म्हणजे काझबेक शिखराच्या पायथ्याच्या गावी जायचं होतं, अंतर साधारण दीडशे किलोमीटर. दिदुबे स्थानकावरून तिकडे मार्श्रुत्का जातात. मार्श्रुत्का म्हणजे पंधरा-वीस जणांची व्हॅन, बहुतेक वेळा भरली की सुटते. काचेमागे जॉर्जियन लिपीतली पाटी होती, ती आम्हाला ओ की ठो कळेना. चालकाला खुणेनेच विचारलं, कधी निघणार? त्याने वळून मागच्या रिकाम्या जागा मोजल्या आणि पाच बोटं दाखवली. ताईला वाटलं पाच मिनिटं. ती पाच माणसं होती.

पाच माणसं जमायला पाऊण तास लागला. शेजारच्या बाईच्या मांडीवर आलुबुखारांची बादली होती. त्यातली पिचकी फळं ती एकेक करून बाजूला काढत होती आणि बरी असतील ती मला देत होती. मी मजेत. ताई दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. वाटेत सुमारे २,४०० मीटर उंचीची ज्वारी खिंड लागते (धान्याशी संबंध नाही, जॉर्जियन भाषेत ज्वारी म्हणजे क्रूस). ती ओलांडून काझबेक दिसेपर्यंत बाईसाहेब माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी आम्ही जपानला गेलो आणि पारडं फिरलं. टोकियो स्थानकात शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, येऊन थांबते, सफाई कर्मचारी आत शिरतात आणि सात मिनिटांत डबा झाडून, पुसून, सगळ्या खुर्च्या उलट्या दिशेला फिरवून बाहेर पडतात. ताईने हे घड्याळ लावून पाहिलं. दुसऱ्यांदाही पाहिलं. क्योतोला निघायच्या आदल्या दिवशी तिने बॅग हॉटेलच्या काउंटरवर दिली. तिथल्या मुलीने टेप लावून लांबी, रुंदी, उंची मोजली, बेरीज केली, कुठल्या तारखेला कुठल्या हॉटेलात हवी ते फॉर्मवर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही हात हलवत क्योतोला पोचलो तर बॅग आली सुद्धा. ताई म्हणाली, मला इथेच राहायचंय.

माझं मात्र टोकियोतल्याच शिंजुकू स्थानकात पार पानिपत झालं. त्याला दोनशेच्या वर दारं आहेत. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर समोर दिसणाऱ्या इमारतीपर्यंत पोचायला पुन्हा भुयारात शिरायचं. आणि ८:०७ ची गाडी ८:०७ लाच सुटणार, म्हणजे आपण आठला तिथे हवंच. पाच-सहा दिवस रोज सकाळी परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. जपान मला आवडला, पण थकवून गेला. ताईला जॉर्जियाचे डोंगर आजही आठवतात, पण पुन्हा चल म्हटलं की ती विषय बदलते.

तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला हाच विचारा: थांबावं लागलं, बेत बदलावा लागला, तर माझं काय होतं? जीव वरखाली होत असेल तर जपान किंवा स्वित्झर्लंड. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वे, बस आणि बोटी यांची वेळापत्रकं एकमेकांत गुंतवलेली आहेत. १९८२ पासून तिथे बहुतेक गाड्या दर तासाला ठरलेल्या मिनिटाला सुटतात, त्यामुळे एक चुकली तरी आभाळ कोसळत नाही. अशा माणसाने एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक मात्र दहादा विचार करून ठरवावा. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाची विमानं ढग आले की रद्द होतात, कधी सलग दोन-तीन दिवस. शिवाय ३,००० मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा दंडक आहे. शरीर सरावावं म्हणून वाटेवरच्या नामचे बाजार गावी, ३,४४० मीटरवर, एक दिवस जास्त काढतात. त्या दिवशी पुढे जायचं नसतं. काहींना तोच दिवस सगळ्यात जड जातो.

उलट टोकाची माणसंही असतात, ज्यांचं सगळं ऐनवेळी ठरतं. त्यांची पंचाईत बेभरवशाच्या देशांत होत नाही, शिस्तीच्या ठिकाणी होते. न्यूझीलंडच्या मिलफर्ड ट्रॅकवर हंगामात दिवसाला फक्त ४० स्वतंत्र पदयात्री सोडतात, आणि चालायचं एकाच दिशेने. पेरूच्या इंका ट्रेलवर दिवसाला ५०० जण, त्यातही गाइड आणि हमाल धरलेले, आणि फेब्रुवारीत वाट बंद. कित्येक महिने आधी तारीख पक्की करणं हा तुमचा स्वभाव नसेल तर ही नावं खोडा आणि जॉर्जियाकडे या. काल ठरवलेलं आज मोडलं तरी तिथे फारसं काही बिघडत नाही.

तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही. तुम्हाला ‘नाही’ म्हणायला जड जातं का? मोरोक्कोतल्या फेझच्या जुन्या शहरात गल्ल्यांचं असं जाळं आहे की फोनवरचा नकाशाही गांगरतो. तुम्ही क्षणभर थबकलात की कुणीतरी येतो, ‘हा रस्ता बंद आहे, मी दाखवतो’ म्हणतो, आणि पोचल्यावर हात पुढे करतो. एखाद्याला यात नाटक बघितल्याची मजा येते. मी मात्र संध्याकाळपर्यंत सात वेळा पैसे देऊन हॉटेलच्या खोलीत दार लावून बसले होते. फेझ अप्रतिम आहे, पण एकट्याने केलेल्या पहिल्या प्रवासात मी तिथे कुणाला पाठवणार नाही.

गर्दीचं म्हणाल तर तो बराचसा महिन्याचा प्रश्न आहे. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ‘गोल्डन वीक’ असतो, तेव्हा अख्खा देश प्रवासाला निघतो. आठवडाभर थांबून जा, तीच ठिकाणं निवांत मिळतात. महिना न बघण्याचे आणखीही प्रकार आहेत. आमच्या ओळखीतलं एक जोडपं ध्रुवीय प्रकाश बघायला जूनमध्ये आइसलँडला गेलं. जूनमध्ये तिथे रात्र अंधारतच नाही.

आइसलँड निघालाच आहे तर सांगते, तो तुमच्यासाठी नाही. नामिबियाही नाही. दोन्हीकडे स्वतः गाडी चालवणं हाच प्रवास असतो. आइसलँडचा वर्तुळाकार महामार्ग १,३०० किलोमीटरहून अधिक लांब आहे आणि बघण्यासारखं बरंचसं त्याच्या कडेला किंवा त्यापासून आत आहे. तिथे बसवर अवलंबून राहिलात तर जिथे रेंगाळावंसं वाटेल तिथूनच निघावं लागेल.

खर्चाबद्दल एकच सांगते. महागड्या देशात दिवस कमी करा, पण स्वभावाविरुद्धचा स्वस्त देश घेऊ नका. व्हिसाला किती दिवस लागतात ते मात्र तिकिटाच्या आधी बघा.

आता तुमच्याकडे येते. चालणं हवं, गाडी नको, संग्रहालय नको, आणि सोबत कुणी नाही. माझ्या डोळ्यांसमोर दोनच वाटा येतात, दोन्ही जुन्या यात्रामार्गांच्या. पहिली स्पेनमधली कामिनो दे सांतियागो. तिच्या अनेक फाट्यांपैकी सगळ्यात प्रसिद्ध ती ‘फ्रेंच वाट’. ती अख्खी पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण सारिया गावापासून शेवटचे सुमारे ११५ किलोमीटर पाच-सहा दिवसांत होतात. वाटभर पिवळे बाण रंगवलेले आहेत, नकाशा उघडावा लागत नाही. मुक्काम यात्रेकरूंच्या धर्मशाळांत, एका खोलीत कितीतरी खाटा, दहाच्या सुमाराला दिवे बंद. कुणीतरी घोरतंच. पण सकाळी ज्याच्याशी बोललात तो रात्री पुढच्या गावात पुन्हा भेटतो, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही एकटे राहिलेले नसता. जुलै-ऑगस्ट टाळा, तेव्हा सारियापासून पुढे जत्रा असते. मे किंवा सप्टेंबर बरा.

दुसरी जपानमधली कुमानो कोदो. तिची नाकाहेची वाट ताकिजिरीपासून होंगूपर्यंत चाळीसेक किलोमीटर आहे, देवदारासारख्या उंच झाडांतून जाणारी, दगडी पायऱ्यांची. मुक्कामाची घरं छोटी, खोल्या मोजक्या, त्यामुळे आधीच आरक्षण करावं लागतं. संध्याकाळी गरम पाण्यात डुंबायचं, जेवायचं, झोपायचं. दिवसभरात चार-पाच माणसं भेटली तर भेटली. दोन्हीकडे जागोजागी शिक्के घ्यायचं पुस्तक मिळतं आणि बॅग पुढच्या मुक्कामी पोचवणारी माणसंही.

यातली कुठली, ते मी ठरवू शकत नाही, कारण तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही: दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही तर रात्री खोली तुम्हाला खायला उठते, की हायसं वाटतं? उठत असेल तर सारियाला जा. हायसं वाटत असेल तर कुमानोची घरं आजच बघायला लागा.