कर्करोग मदतफेरीची तयारी

भाऊ, कर्करोगग्रस्तांसाठी देणगी जमवायची शंभर किलोमीटरची सायकलफेरी असेल तर बारा आठवडे हाताशी ठेव. रविवारचा लांब पल्ला दर आठवड्याला साधारण दहा टक्केच वाढव, नाहीतर गुडघे धरतात. सीट खाली असली तरी तेच. पेडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा.

खान्देशात मार्चपासून पहाटे पाचला निघ, नऊच्या आत घरी ये. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घाल. दर पाऊण तासाला एक केळं, भूक लागायच्या आधीच.

बाभळीचा काटा टायरमध्येच अडकून राहतो. ट्यूब बदलण्याआधी टायर आतून जपून चाचप, काटा उपटून काढ. नाहीतर नवी ट्यूबही लगेच जाते. दोन ट्यूब सोबत हव्यातच.

देणगी थेट संस्थेच्या खात्यात जाऊ दे, देणाऱ्याला पावती मिळायलाच हवी.