सोलापुरात हिवाळ्यासाठी दारातली जागा कशी लावावी?

तुम्ही विचारलंय: जुळे सोलापुरात फ्लॅट, दाराच्या आत ४ फूट रुंद आणि ५ फूट लांब जागा, हिवाळा येतोय, तर बंद शू-कॅबिनेट, गुबगुबीत मॅट आणि आरसा कसा मांडायचा? आरशाचं तुम्ही ठरवा. बंद कॅबिनेट करू नका आणि गुबगुबीत मॅट तर अजिबात आणू नका.

अशा मांडणीचे नेटवरचे फोटो बर्फाच्या गावातले आहेत. तिथे बुटांचं पाणी घरात येऊ नये म्हणून ट्रे आणि जाड मॅट ठेवतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५-१६ अंशांवर येतो, दुपारी पुन्हा तिशीच्या आसपास. हवा कोरडी ठणठणीत. म्हणजे सोलापूरच्या हिवाळ्यात दारातून दोनच गोष्टी आत येतात: फटीतून गार वारं आणि चपलांबरोबर काळ्या मातीची बारीक धूळ. सगळी मांडणी या दोघांना अडवण्यासाठी करायची.

सुरुवात दारापासून करा, कपाटापासून नाही. इथे माझा सुतारांशी जुना वाद आहे. पावसाळ्यात दार फुगतं, कुलपाच्या बाजूला चौकटीला घासतं, आणि सुतार येऊन रंधा मारून जातो. तुमच्याच भागातलं तिसऱ्या मजल्यावरचं एक सागवानी दार मी बघितलंय. जुलैत त्याची कड दोन सूत, म्हणजे पाव इंच, रंधली होती. जानेवारीत त्या बाजूने आख्खी पेन्सिल आरपार जात होती आणि आतल्या भिंतीवर कडीच्या उंचीला धुळीची उभी रेघ उमटली होती. कारण साधं आहे. लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं, उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. म्हणून दाराची रुंदी ऋतूप्रमाणे बदलते, उंची बदलत नाही. पावसाळ्यात घासणारं दार दिवाळीनंतर आपोआप सुटतं. तोवर कडेला मेण घासा आणि बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा. वरच्या बिजागरीचा स्क्रू ढिला असला की दार कुलपाच्या बाजूने खाली झुकतं आणि फरशीला लागतं. लोक त्यालाच फुगणं समजतात आणि दाराचा तळ कापून घेतात. फट तिथेच जन्माला येते, आणि ती बारा महिने राहते. मी बघितलेल्या त्या सागवानी दाराच्या कडेला शेवटी सागाची पट्टी डकवावी लागली. सांधा अजून दिसतो.

आता खालची फट. नव्या इमारतींत उंबरठाच ठेवत नाहीत, फरशी सरळ पॅसेजमधून हॉलमध्ये. दिसायला छान, पण झाडलेली धूळ वाऱ्याबरोबर परत आत येते. मी तर म्हणेन उंबरठा परत बसवाच. ४ इंच रुंद, पाऊण इंच जाड ग्रॅनाइटची पट्टी घ्या, पुढची कड गोल करून. ती दाराखाली बसवायची नाही, दाराच्या बाहेरच्या अंगाला बसवायची. दार आत उघडतं, त्यामुळे बंद झालं की ते पट्टीच्या आतल्या कडेशी येतं. दार कापावं लागत नाही. मध्ये दोनेक मिलिमीटर जागा सोडून तिथे रबराची पट्टी चिकटवा. पट्टीचं दगडकाम होणार नसेल तर दाराच्या आतल्या बाजूला खाली ब्रशची पट्टी लावा. तिचे केस फरशीला जेमतेम टेकले पाहिजेत, दाबले गेले तर महिन्याभरात वाकतात.

बाहेर काथ्याचं पायपुसणं, निदान २ बाय ३ फुटांचं. छोट्यावर एकच पाय पडतो, दुसऱ्याची धूळ आत येते. रोज उचलून उलटं आपटायचं, आठवड्यातून एकदा ऊन दाखवायचं, पाण्याने धुवायचं नाही. आत जुनं सोलापुरी टॉवेल चौपदरी घालून टाका. धुतलं की पुन्हा नवं. जाड लोकरी मॅट धूळ पोटात घेते आणि पाय पडेल तशी सोडत राहते.

चपलांसाठी बाक करा, कपाट नको. पण आधी दार पूर्ण उघडून त्याच्या कोपऱ्याचा कंस खडूने फरशीवर आखा. ३ फुटी दार आणि ४ फूट रुंद जागा असेल तर बिजागऱ्यांच्या समोरच्या भिंतीलगत १४ इंच खोल बाक दारापासून साधारण २ फूट सोडूनच बसतो. उरते ३ फूट लांबी. बसायची उंची १८ इंच. फरशीपासून ४ इंच मोकळी, मग ६-६ इंचांचे दोन खण. एका खणात चार जोड, खाली चार जोड चपला, म्हणजे बारा जोड. फळ्या सलग नकोत, दीड इंची पट्ट्या अर्ध्या इंचाच्या अंतराने, म्हणजे माती खाली पडते आणि झाडू फिरतो. हिवाळ्यात सगळ्यांना सकाळी फिरायला जायची हुक्की येते. मोज्यांच्या घामाचे ते बूट बंद खणात ठेवले की आठ दिवसांत कपाट उघडवत नाही.

वर भिंतीला खुंट्या: मोठ्यांसाठी ५ फुटांवर, पोरांसाठी ३ फुटांवर. कानटोपी आणि मफलर तिथेच, नाहीतर सकाळी सापडत नाहीत. हेल्मेटच्या खुंटीला भिंतीत ठोकायची ८ मिलिमीटरची प्लास्टिकची गिट्टी आणि २ इंची स्क्रू, नुसत्या प्लास्टरमध्ये टिकत नाही. संक्रांतीला गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी, गावाकडचे पाहुणे आले की बारा जोड पुरणार नाहीत. तेव्हा बाकाशेजारी जुनी चादर अंथरा आणि चपला तिच्यावर काढायला सांगा, पॅसेजमध्ये नको. जिन्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

बंद कपाट हवंच असेल, म्हणजे घरात रांगतं मूल असेल, तर जाळीची दारं करा आणि मागची फळी भिंतीपासून इंचभर पुढे घ्या. आणि घरात काठी किंवा वॉकर वापरणारं कुणी असेल तर वर सांगितलेला उंबरठा विसरा, ब्रशच्या पट्टीवर भागवा.