डबलसीट टूरसाठी शॉकअप आधी मागचे बदलू की पुढचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर 650, दोघं मिळून दीडशे किलो, वर बॅगा. सोलापूरहून हैदराबादला जाताना मागचे शॉकअप खड्ड्यात ठाण्‌कन तळ गाठतात आणि ब्रेक मारला की पुढून गाडी खाली बसते. आधी काय करू?

माझीही तीच गाडी. पैसे आधी मागे घाला, पण पुढचं फार दिवस लांबवू नका.

त्याआधी एक काम फुकटातलं. मागचं चाक अधांतरी ठेवून अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेपने मोजा. मग दोघं बसा, बॅगाही लावा आणि तिसऱ्या माणसाकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्या. या गाडीला मागे हालचालच 88 मिमी आहे. फरक 25 ते 30 मिमीच्या आसपास हवा. माझा 45 आला होता, म्हणजे निम्मी हालचाल बसल्या बसल्याच संपलेली. रात्री मोहोळच्या पुढे समोरचे सारखे डिपर का मारतात, हे तेव्हा कळलं. मागून गाडी बसल्यामुळे हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जात होता.

आता गॅरेजवाले सांगतील, "आटा फिरवून कडक करून देतो." प्रीलोडची रिंग (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी) फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. गाडी फक्त वर उचलली जाते. रिंग शेवटच्या खाचेवर ठेवूनही गाडी 30 मिमीपेक्षा जास्त बसत असेल, तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंगच पुरत नाही. शॉकअप घेताना दोघांचं आणि सामानाचं वजन सांगून स्प्रिंग मागा. नुसतं ओहलिन्ससारख्या कंपनीचं नाव बघून घेतलेला एकट्या स्वारासाठीचा शॉकअप तुमच्या कामाचा नाही.

लांबीही मोजून घ्या. मी एका दुकानातून मूळ मापापेक्षा 20 मिमी लांब जोडी बसवून आणली. दिसायला झकास! पण मागून उचलली की हँडल हलकं होतं. टेंभुर्णीजवळ ट्रकच्या वाऱ्यात हँडल असं थरथरलं की बायको घरी येईपर्यंत बोलली नाही. साइड स्टँडवरही गाडी जास्तच कलायची.

पुढे 41 मिमीचे फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअप), हालचाल 110 मिमी. त्यांना बाहेरून काहीच अ‍ॅडजस्टमेंट नाही. फोर्कच्या चकचकीत नळीला केबल टाय बांधून सीलवर (ऑइल अडवणाऱ्या रबरावर) टेकवा, एक चक्कर मारा; टाय कुठवर सरकली ते दिसेल. जवळपास सगळी हालचाल संपत असेल तर वजनाप्रमाणे जाड स्प्रिंगा घाला. ऑइल तेव्हाच बदला. माझं निघालं ते काळ्या मसाल्याच्या आमटीसारखं, वास मात्र सडक्या मासळीचा. फक्त जाड ऑइल ओतून काम भागवू नका, छोटे दणके थेट मनगटात येतात. ऑइलची पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, दोन्ही बाजूंना सारखी मोजतात. आणि वरचं झाकण सोडताना तोंड बाजूला ठेवा, स्प्रिंग दाबाखाली असते.

सगळं बसवून झालं की दोघं बॅगांसकट तुळजापूरला जाऊन या, परत आल्यावर टाय बघा आणि मागचं अंतर पुन्हा मोजा.