आठ महिन्यांच्या बाळाला वीगन (दूध, अंडी, मासे, मांस नसलेल्या) आहारावर वाढवलं तर चालेल का? गाईच्या दुधाऐवजी नारळाचं दूध देऊ का?

दुधाऐवजी नारळाचं दूध नकोच. आपल्याकडे परसात माड असल्याने ते सहज सुचतं, पण त्यात चरबी भरपूर, प्रथिनं आणि कॅल्शियम अगदी कमी. बाळाला अंगावरचं दूध चालू ठेवा, दोन वर्षांपर्यंत. ते पुरत नसेल तर डॉक्टरांना विचारून बाळांसाठीचा सोया फॉर्म्युला द्या, घरी केलेलं सोया दूध नव्हे.

खरी काळजी बी-१२ जीवनसत्त्वाची. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. आईच्याच शरीरात कमी असेल तर दुधातूनही बाळाला कमीच जातं. मग बसायला लागलेलं बाळ पुन्हा लुळं पडतं, हसेनासं होतं, रक्त कमी होतं, कधी हातपाय थरथरतात. उपचाराला उशीर झाला तर मेंदूवरचा परिणाम कायमचा राहू शकतो. म्हणून ताई, आधी स्वतःचं बी-१२ तपासून घ्या. तुमचं आणि बाळाचं औषध डॉक्टरांकडूनच ठरवा, ड जीवनसत्त्वाचे थेंबही.

बाकी कोकणातलं घर यात श्रीमंत आहे. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ती भिजवून, मोड आणून, सुकवून दळा. कुळथाची पिठी पातळ करा, मीठ-मिरची नको, वरून लिंबाचे चार थेंब, म्हणजे लोह अंगी लागतं. शेंगदाणा बारीक वाटूनच.

सासूबाई मुडदुशे मासे भरवा म्हणत असतील तर रागावू नका, त्यांची काळजी रास्त आहे. दर महिन्याला वजन-उंची मात्र चुकवू नका.