घड्याळ फिरवलं तर सकाळ उजळेल का?

प्रश्न : सर, माझी लेक इंग्लंडात असते. उन्हाळ्यात ती कामावरून घरी आली की आपल्याकडच्या साडेनऊला फोन करते, दिवाळीच्या आसपास तोच फोन साडेदहाला यायला लागतो. तिकडं घड्याळ मागं घेतात म्हणे. इथं माझा नातू सातवीत आहे. सकाळच्या शाळेसाठी सहालाच फाट्यावर बॅटरी घेऊन एसटीची वाट बघत उभा राहतो. जानेवारीत तर नुसता अंधार असतो. आपणही घड्याळ बदललं तर पोराची सोय होईल का?
– एक आजी, गंगाखेड तालुका

उत्तर : ताई, सोय होणार नाही. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम ८ तासांचा, जूनमध्ये साडेसोळा तासांचा. उन्हाळ्यातला पहाटेचा उजेड झोपेत वाया जातो, तो संध्याकाळी वापरायचा, एवढाच हेतू. १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने हिवाळ्यातही घड्याळ पुढेच ठेवून पाहिलं. संध्याकाळ लांबली, पण स्कॉटलंडच्या उत्तरेला सूर्य उगवायला दहा वाजू लागले आणि मुलं अंधारात शाळेला निघाली. शेवटी तो प्रयोग सोडून द्यावा लागला. महायुद्धाच्या काळात आपल्या देशातही घड्याळ तासभर पुढे होतं.

आपल्याकडे सर्वांत लहान दिवससुद्धा ११ तासांचा असतो, मोठा सव्वातेरा. फिरवाफिरव करण्याइतका फरकच नाही. गंगाखेडला सूर्य उशिरा दिसतो त्याचं एक कारण निराळं आहे. देशाची वेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर ठरते आणि तुम्ही तिच्या पश्चिमेला, जवळपास २३ मिनिटं मागे आहात. शिवाय संक्रांतीला दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतो ना, ती वाढ आधी संध्याकाळच्या पदरात पडते. सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यावरच सर्वांत उशिरा उजाडते, तुमच्याकडे सातच्या सुमारास. तेव्हा घड्याळ पुढे केलं तर सूर्य आठला उगवेल. मागे घेतलं तर सकाळ सुधारेल, पण पाच वाजताच दिवेलागण होईल आणि शेतातली कामं अर्धवट राहतील.

बदलायला हवी ती शाळेची घंटा, असं माझं ठाम मत आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असं राज्य शासनाने २०२४ मध्ये सांगितलं. सातवीच्या पोराला झोप आणि उजेड कमी लागतो का? गावातले पालक जमवून शाळा व्यवस्थापन समितीकडे अर्ज द्या : डिसेंबर-जानेवारी शाळा तासभर उशिरा भरवा. त्याची एक प्रत एसटी आगारातही द्या, कारण घंटा सरकली आणि गाडी तीच राहिली तर नातू त्याच अंधारात उभा राहील. अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधीच द्या, म्हणजे थंडी सुरू होईपर्यंत दोन्हीकडचं वेळापत्रक बसवता येईल.