एकच रायफल

चिरंजीव मुलीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवरून परतताना बसमध्ये तू मला तीनदा विचारलेस की ती लिव्हरवाली रायफल, म्हणजे चापाभोवतीची कडी खाली ओढून पुढचे काडतूस नळीत घेणारी, घेऊ की नको, आणि तिन्ही वेळा मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. उत्तर माहीत नव्हते असे नाही. चारचौघांत ते देताना माझा आवाज चढला असता, म्हणून घरी येऊन लिहीत आहे.

तुझी अडचण मला समजली आहे. पोलीस आयुक्तालयात खेटे घालून मिळवलेला परवाना हातात आहे, शिल्लक बेताची आहे, आणि फोर्टमधल्या दुकानात पॉलिश उडालेली एक जुनी मार्लिन ३९ए, तीच लिव्हरवाली, पडून आहे, जी टार्गेटवाल्यांना नको असल्यामुळे तुझ्या आवाक्यात आली आहे. क्लबातला एक जण म्हणतो, कर्ज काढ पण वजनदार जर्मन बोल्ट, म्हणजे खिट्टी हाताने मागेपुढे सरकवायची रायफल, घे. दुसरा म्हणतो, सध्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची नळीची रायफल, घे आणि पुढच्या वर्षी ती विकून चांगली घे. हा दुसरा सल्ला ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. 'पुढच्या वर्षी विकून' हे शब्द डोक्यातून काढून टाक. कोणतीही घे, पण एकच घे आणि तिच्याशी नांद.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवल्यापासून रेंजवर येणाऱ्या प्रत्येकाला तोच प्रकार खेळायचा असतो. त्या स्पर्धेत एकेक गोळी भरायची रायफलच चालते. शिवाय पालथे पडून लिव्हर ओढायला गेलीस तर ती चटईला आपटते, दस्ता खांद्यावरून सुटतो, कोपर हलते, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर मांडलेला संसार मोडून पुन्हा मांडायचा. तुला त्या वाटेने जायचे असेल तर क्लबची रायफल वापर आणि साठवलेले पैसे काडतुसांना ठेव. पण तू म्हणालीस की तुला रविवारी सकाळी उभे राहून, उघड्या साइटवर नेम धरायचा आहे आणि पुठ्ठ्यावरची भोके दर आठवड्याला थोडी जवळ आणायची आहेत. एवढ्यासाठी लिव्हर रायफल पुरेशी आहे, आणि क्लबातल्या कोणाच्या हसण्याने ती अपुरी ठरत नाही.

अमेरिकेत हेन्रीची साधी लिव्हर ॲक्शन पॉइंट टू-टू ही कित्येकांची पहिली रायफल असते. आपल्याकडे १९८०च्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला आयात जवळजवळ बंद असल्यामुळे दुकानात जे जुने येईल त्यातूनच निवडावे लागते. त्यात मार्लिन ३९ए मिळत असेल तर माझा कौल तिला आहे, आणि त्याचे कारण एक स्क्रू आहे. तिच्या उजव्या अंगाला एक मोठा स्क्रू असतो. रुपयाच्या नाण्याने तो फिरवला की रायफलीचे दोन भाग होतात आणि नळी मागच्या बाजूने पुसता येते. ज्या लिव्हर रायफलींना ही सोय नसते त्यांच्या नळीत सळई पुढून, तोंडातून घालावी लागते, आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने ते तोंड एका बाजूला झिजले की बाहेर पडणारी गोळी तिथेच भरकटते. समुद्राच्या हवेत आणि आपल्या पावसाळ्यात नळी किती वेळा पुसावी लागते हे तू पाहिलेच आहेस.

पॉइंट टू-टूच्या रिमफायर काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि पिन कडेवरच आदळते. ज्याने रिकाम्या रायफलीचा चाप हौसेने ओढला असेल त्याच्याकडे ती पिन काडतुसाऐवजी चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, काठावर आपटलेली असते. तिथे खळगा पडला असेल तर काडतूस अडकते आणि पुष्कळदा फुटतही नाही. म्हणून पॉलिशकडे पाहू नकोस, टॉर्च लावून तो काठ पाहा. आणखी एक, नळीखालच्या ट्यूबमध्ये १९ काडतुसे मावतात हे दुकानदार कौतुकाने सांगेल. तू रेंजवर एकावेळी एकच भर, आणि रायफल खाली ठेवण्यापूर्वी ट्यूबमध्ये एखादे दडून राहिले नाही ना, याची दर वेळी खात्री कर.

आता माझे. माझ्याकडे विंचेस्टर ९४२२ होती, तीही लिव्हरच. गार नळीची पहिली गोळी बोटभर डावीकडे जाते आणि तिसरीपासून ती स्थिर होते, हे मला दोन वर्षांत कळले होते. क्लबच्या अंतिम फेरीला महिना उरला असताना, लोक काय म्हणतील या लाजेपोटी, मी ती विकून एक भारी बोल्ट घेतली आणि पहिल्या फेरीतच बाहेर पडलो. तिचा चाप जड होता, हे मी आजही सांगेन. दुरुस्ती करणाऱ्यानेही तसे कबूल केले होते. पण मग मी तीही विकली, त्यानंतरचीही विकली, आणि सहा वर्षांत तीन रायफली बदलून मला एकीचीही पहिली गोळी कुठे जाते ते ठाऊक नव्हते. लोक मला हट्टी म्हणतात. मी हट्टी आहे, पण तो हट्ट फार उशिरा आला, आणि त्याची किंमत मी भरली आहे. तू कशाला भरायची?

शस्त्र कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने माणशी दोनच बंदुकांची मर्यादा आली, पण मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाने टार्गेटच्या सरावासाठी वापरलेली पॉइंट टू-टू त्यातून वगळलेली आहे. कायद्याने तुला सूट दिली आहे. मी देणार नाही. एकच रायफल.

काडतुसांचेही तेच. वेगवान माल आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने निघतो आणि वाटेत तो वेग ओलांडून खाली येताना डळमळतो. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची, म्हणजे बेताच्या वेगाची, ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) गोळी आवाजाच्या वेगाखालीच राहते, आणि ५० मीटरला तीच बरी. दोन-तीन कंपन्यांची एकेक पेटी क्लबात टेकू लावून पाच-पाच गोळ्यांच्या ग्रुपमध्ये मारून पाहा, जी जवळ बसेल ती ठरव, आणि पेटीवरचा लॉट क्रमांक तोच ठेवून परवान्यावर वर्षासाठी जितकी लिहिली आहेत त्यांपैकी जितकी परवडतील तितकी एकदम घे. रायफलीवर सगळे पैसे घालून महिन्याला २० गोळ्या मारणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुकानदाराला मी फोन केला आहे. शनिवारी ११ वाजता चर्चगेटला घड्याळाखाली उभी राहा. परवाना आणि टॉर्च तू आण, नाणे माझ्याकडे आहे. स्क्रू फिरला नाही किंवा चेंबरच्या काठावर खळगा दिसला तर त्या दिवशी काही घ्यायचे नाही, आणि रिकाम्या हाताने परतलो म्हणून तोंड पाडायचे नाही.

तुझे,
सर